श्रीरंग कोल्ह्याने इंजिन धुतलं

एका जंगलात, बाळांनो, रस्ता नव्हता तोवर सगळे वेळेवर पोचायचे. मग रस्ता झाला. रस्ता झाल्यावर गाड्या आल्या, गाड्या आल्यावर हॉर्न आले, आणि हळूहळू हरणंसुद्धा उशिरा पोचू लागली.

जंगलाचा राजा सिंह. त्याला गाड्यांचं फार वेड. पण गाडी चालवता येत नव्हती. आयाळ स्टिअरिंगमध्ये गुंतायची. म्हणून तो गाड्यांची पाहणी करायचा. ज्यांना एखादी गोष्ट करता येत नाही ते तिची पाहणी करतात, हे तुम्ही मोठे झालात की कळेल.

एकदा रस्त्यात एका चितळाची गाडी बंद पडली होती. महाराजांनी बॉनेट उघडायला लावलं. आत तेलाचे काळे थर, त्यावर धूळ, धुळीवर वाळकी पानं. आणि पानांच्या गादीवर एक उंदरीण पिलांना निजवत होती.

"हे काय आहे?" महाराज गरजले.

"हळू बोला," उंदरीण म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

महाराजांना आजवर कुणी हळू बोलायला सांगितलं नव्हतं. ते इतके चकित झाले की हळू बोलले. पण मनात राग राहिला. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली.

"ऐका हो ऐका. येत्या रविवारी सकाळी सर्वांनी आपापल्या गाडीचं बॉनेट उघडून उभं राहावं. ज्याचं इंजिन सर्वांत स्वच्छ, त्याच्या गाडीतून महाराणी माहेरी जातील."

महाराणीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण. माहेर घाटापलीकडे. तिथे तिची आई, म्हातारी सिंहीण, डिंकाचे लाडू वळून वाट पाहत होती. सिंहीण लाडू कसे खाते असं विचारू नका. बाळंतिणीला सगळं खावं लागतं.

महाराणी म्हणाली, "अहो, इंजिन स्वच्छ असण्यापेक्षा गाडी धड चालणारी असली तर नाही का चालणार?"

"चालणं वरून दिसत नाही," महाराज म्हणाले. "स्वच्छता दिसते."

महाराणीने कूस बदलली. तिला कूस बदलायलाही वेळ लागत होता.

आता त्या जंगलात मंदाबाई नावाची एक सायाळ राहायची. पूर्वी ती शाळेत शिकवायची. अर्धं जंगल तिच्या हाताखालून गेलेलं. खुद्द महाराजही. अजूनही ती समोर आली की महाराज पंजे शेपटीखाली लपवायचे, कारण बाई नखं तपासायच्या. तिच्याकडे हिरवी जुनी जीप होती. स्वभाव तिखट. चूक तिला सहन व्हायची नाही, आणि स्वतःचं बरोबर असलं की ते सांगितल्याशिवाय राहवायचं नाही.

तिच्या शेजारी श्रीरंग कोल्हा राहायचा. त्याची गाडी लालभडक. तो शनिवारी सकाळपासून जंगलभर गाडी फिरवत सगळ्यांना सांगत होता की उद्या आपणच जिंकणार. सांगून दमला तेव्हा घरी आला. पाहतो तर मंदाबाई जीपचं बॉनेट उघडून नुसती बसलेली.

"बाई, इंजिन धुताय ना?"

"धुतेय."

"बसल्या बसल्या?"

"बाजारातून आत्ता आलेय. गार होऊ दे. तापलेल्या तव्यावर पाणी ओतलंस तर काय होतं?"

"चुर्र होतं."

"आणि चिनीमातीच्या गरम कपावर ओतलंस तर?"

"कप तडकतो."

"मग इंजिनाने काय घोडं मारलंय? तेही तडकतं."

इंजिनावर पंजा ठेवता येऊ लागला तेव्हा बाई उठली. आधी तिने हाताने पानं आणि काड्या वेचल्या. मग बॅटरीची काळी तार सोडवून बाजूला ठेवली. नंतर प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या आणि जिथे पाणी जायला नको ती ठिकाणं एकेक करून बांधून टाकली. वीज तयार करणारा अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, इंजिन ज्यातून हवा ओढतं ते तोंड. थंडीत मुलांचे कान बांधतात ना, तसं.

श्रीरंग बघत होता. त्याला जांभई आली.

मग बाईने तेलकटपणा काढायचं औषध शिंपडलं, थोडं मुरू दिलं, आणि ब्रशने घासायला लागली. ब्रश तिच्या स्वतःच्याच गळलेल्या काट्यांचा होता. घासून झाल्यावर झारीने अलगद पाणी घातलं, फडक्याने पुसलं, पिशव्या सोडल्या, आणि बॉनेट उघडंच ठेवून जीप उन्हात वाळू दिली; तार वाळल्यावरच जोडायची.

"बाई, गाडी धुताय की बाळाला न्हाऊ घालताय?"

"दोन्हीत डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नसतं."

"पण चकाकत नाहीये."

"इंजिन आहे ते. आरसा नाही."

हे ऐकून श्रीरंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इंजिनाचा आरसा करायचा. तो गाडीत बसला आणि सुसाट नदीवर गेला.

नदीवर गुणवंता हत्ती डुंबत होता. फार मोठा आणि फार भला. त्याला नाही म्हणता यायचं नाही. लहानपणी शिकायचंच राहून गेलं होतं.

"गुणवंता, जरा पाणी मार."

"कुठे?"

"इथे. बॉनेटच्या आत."

"हळू की जोरात?"

"तुझ्या लौकिकाला शोभेल असं."

गुणवंताला बरं वाटलं. त्याने सोंड भरली. मग थांबला. "श्रीरंगभाऊ, इंजिन तापलेलं दिसतंय. वाफ येतेय."

"ती घाणीची वाफ आहे. तुला बघून घाण घाबरलीय."

गुणवंताला आणखी बरं वाटलं. त्याने अशी काही पिचकारी मारली की घाण गेली, धूळ गेली, दोन बेडूक आत आले आणि लगेच बाहेर गेले. तारांच्या टोपणांखाली पाणी शिरलं. फ्यूजच्या डब्यात तळं साचलं. आणि आत कुठेतरी टण्ण असा आवाज झाला.

"काहीतरी वाजलं," गुणवंता म्हणाला.

"टाळी असेल," श्रीरंग म्हणाला. "कौतुकाने वाजली."

घरी येऊन त्याने इंजिनावर खोबरेल तेल चोपडलं. सगळं कसं लखलखायला लागलं. लग्नघरासारखा वास सुटला.

रविवारी सकाळी सगळी जनावरं बॉनेटं उघडून रांगेत उभी राहिली. महाराज एकेक इंजिन बघत आले. मंदाबाईच्या जीपपाशी त्यांनी नखं आत घेतली.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण साधं आहे."

पुढे श्रीरंगची गाडी. महाराज वाकले आणि तसेच राहिले. इंजिनात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. त्यांनी आयाळ डावीकडे वळवून बघितली, उजवीकडे वळवून बघितली. एवढं सुंदर इंजिन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"हीच," ते म्हणाले.

"महाराज, सुरू करून तर बघा," मंदाबाई म्हणाली.

"बाई, ही स्वच्छतेची पाहणी आहे. सुरू होण्याची वेगळी असते."

"ती कधी?"

"तिची समिती नेमायची आहे."

सामान चढलं. महाराज पुढे बसले, महाराणी मागे. श्रीरंगने किल्ली फिरवली. गाडी खोकली, शिंकली, आणि मोठ्या मिनतवारीने सुरू झाली.

"सर्दी झालीय तिला," श्रीरंग म्हणाला. "सवय नाही ना आंघोळीची."

महाराणीने खिडकीतून मान बाहेर काढली. "बाई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही मागून याल का?"

मंदाबाईने मान हलवली आणि जीपकडे गेली.

घाट लागेपर्यंत गाडी कशीबशी चालली. पण इंजिनाला जिथे तडा गेला होता तिथून त्यातलं गार ठेवणारं पाणी थेंब थेंब गळत होतं. चढण आली. इंजिन तापलं. खोबरेल तेलही तापलं आणि गाडीतून भजी तळल्याचा वास यायला लागला. महाराजांना भूक लागली. एका अवघड वळणावर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि गाडी थांबली.

श्रीरंगने किल्ली फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिकसुद्धा नाही.

"ही कशाची खूण?" महाराजांनी विचारलं.

"विश्रांतीची. समोर दरी बघा, महाराज. काय देखावा आहे."

महाराज देखावा बघू लागले. तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला. महाराणी कण्हत होती. "अहो," ती म्हणाली, "कळा येतायत."

हसू थांबवा आता, बाळांनो.  सिंह उतरला, गाडीभोवती फिरला, परत बसला, परत उतरला. हत्तीशी झुंजलेला राजा, पण अशा वेळी काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. त्याने आकाशाकडे बघून इतकी मोठी डरकाळी फोडली की दरीतले पोपट उडाले. महाराणी म्हणाली, "तुम्ही ओरडू नका. ओरडायची पाळी माझी आहे."

हिरवी जीप वळणावर आली. मंदाबाई उतरली. तिने एकदा आत डोकावलं.

"माझ्या जीपमध्ये येतेस?"

"आता नाही हलता येणार, बाई."

"बरं. मग इथेच." बाई वळली. "श्रीरंग, जीप घे. पलीकडे जा आणि हिच्या आईला घेऊन ये. वाटेत कुणाशी बोलत बसू नकोस." मग महाराजांकडे बघितलं. "आणि तू तिकडे दरीकडे तोंड करून उभा राहा. गोंगाट करायचा नाही."

राजा दरीकडे तोंड करून उभा राहिला. जीप एका किल्लीत सुरू झाली आणि घाट चढून दिसेनाशी झाली.

मंदाबाई मागच्या सीटवर शिरली. आता एक सांगतो. सायाळीला भीती वाटली की तिचे काटे उभे राहतात. ते तिच्या हातात नसतं. आणि बाईला भीती वाटत होती. जागा एवढीशी, महाराणी कळांनी तळमळतेय, आणि सायाळीचा एक काटा जरी उभा राहिला असता तरी अनर्थ झाला असता. बाईने डोळे मिटले, पाढे म्हणायला सुरुवात केली, आणि सगळे काटे अंगाशी चापून धरले.

पहिला बछडा रडतच आला. दुसरा आला तो गप्प. हलेना, डोळे मिटलेले, अंग गार.

महाराणीने विचारलं, "बाई, हा का रडत नाही?"

 बाईने त्याला आपल्या पदरात घेतलं आणि चोळायला लागली. पाठ चोळली, पंजे चोळले, उलटा धरला, सुलटा धरला. शेवटी वर्गातला आवाज काढला. "हजेरी घेतेय मी. हजर म्हण."

बछडा गप्प.

"मी पुन्हा विचारणार नाही," बाई म्हणाली आणि पुन्हा विचारलं. "हजर म्हण रे राजा."

बछड्याने नाक आकसलं, शिंकला, आणि मग असा काही किंचाळला की दरीकडे तोंड करून उभा असलेला राजा रडू लागला. वळून बघायची परवानगी नव्हती म्हणून दरीकडे बघतच रडला. मंदाबाई खाली उतरली, रस्त्याच्या कडेला बसली, आणि तेव्हा कुठे तिचे सगळे काटे एकदम उभे राहिले. एक मात्र आधीच सीटवर गळून पडला होता, तो तिला दिसलाही नाही.

इतक्यात जीप आली. मागोमाग माहेरची सगळी मंडळी पळत आली. श्रीरंगने दार उघडून म्हातारीला हात देऊन उतरवलं. लाडवांचा डबाही त्याच्याच हातात.

म्हातारीने नातवंडं हुंगली. मग विचारलं, "कुणाच्या गाडीत जन्मली?"

"श्रीरंगच्या," माहेरची मंडळी म्हणाली.

"आणि मला घ्यायला कोण आलं?"

"श्रीरंग."

म्हातारीने श्रीरंगला लाडू दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण यात नक्की काय केलं हे श्रीरंगला आठवेना, पण त्याने लाडू खाल्ला. महाराणी काहीतरी सांगत होती, पण बाळंतिणीने बोलू नये म्हणून तिला सगळ्यांनी गप्प बसवलं. महाराजही सांगणार होते. पण सांगायचं तर आपण दरीकडे तोंड करून उभे होतो हेही सांगावं लागलं असतं.

आठवड्याभरात दरबार भरला. नेमक्या जागी गाडी थांबवण्याच्या दूरदृष्टीबद्दल श्रीरंगला 'घाटभूषण' किताब मिळाला. इंजिन धुण्याच्या नव्या खात्याचा तो प्रमुख झाला. गुणवंताला सरकारी पिचकारी म्हणून नेमलं. मंदाबाईला ताकीद मिळाली. राजघराण्याच्या जन्मस्थळी काटा सांडल्याबद्दल.

"मान्य आहे," बाई म्हणाली. "पण ताकिदीत शुद्धलेखनाच्या चुका आहेत." तिने त्या दुरुस्त करून ताकीद परत पाठवली.

त्यानंतर जंगलात लाटच आली. ज्याला त्याला गाडी तापवायची आणि गुणवंताकडून पाणी मारून घ्यायचं. मग घाटात जाऊन बंद पडायचं. अवघड वळणावर जागा मिळेना. लोक पहाटे नंबर लावायला लागले. कुणाची गाडी चुकून घाट चढून पलीकडे गेलीच, तर तो खाली मान घालून परत यायचा.

पुढच्या वर्षी महाराणीला पुन्हा दिवस गेले. या खेपेला तिने पाहणीची वाट पाहिली नाही. एका सकाळी ती स्वतःच मंदाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, जायचं का?"

"बस," बाई म्हणाली. "दार नीट लावून घे."

बंद पडलेल्या गाड्यांमधून वाट काढत जीप घाट चढली. दोघी गप्पा मारत गेल्या. दुपारच्या जेवणाला माहेरी होत्या. वाटेत काही म्हणता काही घडलं नाही, म्हणून त्या प्रवासाची गोष्ट कुणी सांगत नाही. मीही सांगणार नव्हतो, चुकून सांगितली.

तात्पर्य: इंजिन गार होऊ देणारे, बॅटरीची तार सोडवणारे आणि नाजूक भाग झाकून हलक्या हाताने धुणारे मुक्कामाला पोचतात आणि विसरले जातात. तेव्हा बाळांनो, आयुष्यात नाव काढायचं असेल तर इंजिन तापलेलं असतानाच त्यावर दणकून पाणी मारा. फक्त निघण्याआधी, मागून एखादी बाई येतेय ना, तेवढं बघून घ्या.