सतरा नंबरचं दार

सांगदरा गावात नेकबख्तचे घर आहे, ही गोष्ट सरकारदरबारी एका निळ्या पत्र्याच्या पाटीने सिद्ध होत असे. पाटी दारावर ठोकलेली होती आणि तिच्यावर सतरा हा आकडा होता. घरात माणसे किती, छप्पर गळते की नाही, असले प्रश्न नियमात बसत नव्हते. नियम अकरा अगदी स्पष्ट होता : क्रमांक असलेले दार म्हणजे कुटुंब. माणसे मरतात, रशियाला कामाला जातात, फोन उचलत नाहीत. दाराचे तसे नसते.

जूनमध्ये शोदमोन नावाचा अधिकारी जीपमधून वर आला. तो आपत्तिपूर्व स्थलांतर समितीचा. गावाच्या डोक्यावरची हिमनदी वितळून तिथे मोठे तळे साचले होते. ते फुटले की खाली काही उरणार नाही, हे ओळखून शेळ्यांनीसुद्धा वरच्या कुरणात जायचे सोडले होते. समितीला हे कळायला आणखी चार वर्षे लागली, कारण त्यातली तीन वर्षे समिती स्थापन व्हायची होती.

"खाला, तुम्हाला गुलदश्तमध्ये नवं घर मिळालंय," शोदमोन म्हणाला. "सपाट जमीन, कोरडी हवा."

"मी पंधरा वर्षांची होते तेव्हाही असाच एक जण आला होता," नेकबख्त म्हणाली. "म्हणाला, दरड कोसळणार, चला खाली. नेऊन कापसाच्या रानात सोडलं. ती दरड अजून यायचीय."

"ते जुनं सरकार, खाला. तेव्हा धोका खोटा होता. आता खरा आहे."

"मोटार तेवढी तीच दिसते."

त्या कापसाच्या रानात तिने चार हिवाळे काढले होते. घर होते, पण दार नव्हते. दाराच्या जागी घोंगडी. वाऱ्याने घोंगडी उडाली की सगळी वस्ती आत डोकावून बघायची. नवऱ्याने, सैदमुरादने, तिथेच शपथ घेतली होती, की परत गेलो तर आधी दार करीन, भिंती मागाहून. चोरून परत आल्यावर त्याने खरोखरच तसे केले. आजोबांनी लावलेल्या अक्रोडाचे लाकूड, चारही कोपऱ्यांत कोरलेली सूर्यफुले. आतल्या बाजूला दोन्ही मुलांच्या उंचीच्या, सुरीने पाडलेल्या खुणा. त्या खुणा आता मॉस्कोत कुठेतरी सिमेंट कालवत होत्या. सासूचा जनाजा त्या दारातून निघाला, मग सैदमुरादचा. तिसरा आपला, हे तिने ठरवून टाकले होते. याखेरीज तिला सरकारकडून काहीएक नको होते, आणि नेमके एवढेच सरकारकडे नव्हते.

निघायच्या दिवशी तिने शेजाऱ्याच्या मदतीने दार बिजागऱ्यांवरून उचलले आणि चौकटही काढून घेतली. आजूबाजूची एकोणचाळीस घरेही तेच करत होती. त्या मुलखात लाकूड सहज मिळत नाही; शहाणा माणूस घर सोडताना दार सोडत नाही.

"अहो खाला! दार इथंच राहायला हवं," शोदमोन घाबरला. "घर रिकामं झालं याचा फोटो लागतो."

"मग काढ की. दार नाही म्हणजे घर नाही. घरच नाही, तर रिकामं याहून आणखी किती होणार?"

शोदमोनने नियम अकरा पुन्हा वाचला. मग त्याने चाळीस भोकांचे चाळीस फोटो काढले आणि समाधानाने जीपमध्ये बसला. इतकी पूर्ण रिकामी घरे समितीच्या इतिहासात झाली नव्हती.

दुपारी ट्रक घाटाच्या मध्यावर चहाखान्याशी थांबले. समोरून वर जाणारे ट्रकही तिथेच थांबले होते. त्यांच्यावरही गाद्या, पातेली आणि दारे. एका निळ्या रंगवलेल्या, पोपलरच्या लाकडाच्या दाराला टेकून एक ठेंगणी बाई घाम पुसत बसली होती. तिचे नाव ओयगुल.

"कुठे निघालीस ग?" नेकबख्तने विचारले.

"सांगदऱ्याला, आपा. आमच्याकडे उन्हाने कोंबड्या मेल्या, कालव्यात विंचू फिरतात. वर गारवा आहे म्हणे, आणि पाणी भरपूर."

"पाणी भरपूर. घरात आणून देतात. एकदाच देतात, पण सगळं देतात. आणि तू आलीस कुठून?"

"गुलदश्तहून."

नेकबख्तने चहाची वाटी खाली ठेवली. मग दोघी इतक्या हसल्या, की चहाखान्याचा मालक बाहेर आला.

वर जाणाऱ्या तांड्याचा अधिकारी बरोत होता, उष्णतापीडित पुनर्वसन समितीचा. त्याची आणि शोदमोनची कचेरी एकाच इमारतीत, एकाच बोळात, समोरासमोर होती. पण दोन समित्यांनी एकमेकींशी बोलण्यासाठी तिसरी समिती लागते, आणि ती मंजूर झाली नव्हती.

"तू तुझी माणसं बुडायला नेतोयस?" शोदमोन म्हणाला.

"आणि तू तुझी भाजायला?"

बरोतने बोटांवर हिशेब केला. मग बरोत सावकाश म्हणाला, "ट्रक मागे वळवले, तर दोघांच्याही याद्या शून्य. पुढे नेले, तर दोघांच्याही पूर्ण. शिवाय पुढच्या वर्षी माझी माणसं तुझ्या धोक्यात, तुझी माझ्या. म्हणजे..."

"म्हणजे समिती कायम!" शोदमोन म्हणाला आणि त्याने आणखी एक किटली मागवली.

हे सगळे नेकबख्तने शेजारच्या बाजेवर बसून ऐकले. तिने नानचा तुकडा संपवला, ओढणी सारखी केली आणि ट्रकवाल्याला हाक मारली. "बाळा, माझं दार उतरव."

चहाखान्यामागच्या मोकळ्या माळावर तिने ते उभे केले, चौकटीला दोन बाजूंनी दगड लावले आणि पलीकडे सतरंजी टाकून बसली. शेजारी ओयगुलचे निळे दार उभे राहिले. शोदमोन धावत आला.

"खाला, हे काय चाललंय?"

"घर. नियम अकरा. नंबर दिसतोय ना? आणि बाळा, आत यायचं तर दार वाजवून ये."

शोदमोनने दोन पावले मागे जाऊन दार वाजवले. नियमाला तोड नव्हती. संध्याकाळपर्यंत माळावर वरची चाळीस आणि खालची छत्तीस दारे उभी राहिली. भिंत एकही नव्हती. पुढे ज्याला जमेल तसे त्याने दारामागे ताडपत्री बांधली. दोन्ही समित्यांनी फोटो काढले आणि शहात्तर कुटुंबे यशस्वीरीत्या वसवल्याचा अहवाल पाठवला, प्रत्येकीने आपापला. त्यामुळे राजधानीत एकशे बावन्न कुटुंबांची नोंद झाली.

ऑगस्टमध्ये वरचे तळे फुटले. सांगदऱ्याच्या भिंती, जर्दाळूची झाडे आणि सैदमुरादची कबर चिखलाखाली गेली. अहवालात नुकसान निरंक होते; दार नसलेल्या जागी घर असू शकत नाही. नेकबख्तने त्या दिवशी दाराला आतून कडी लावून घेतली आणि कोणालाच आत येऊ दिले नाही. तिन्ही बाजू उघड्या असूनही कोणी आले नाही.

सप्टेंबरमध्ये राजधानीहून मोठे निरीक्षक आले. पांढरा सदरा, मऊ बूट. दोन्ही समित्या मागे हात बांधून उभ्या. निरीक्षकांनी सतरा नंबरचे दार वाजवले.

"थांबा, अंथरूण आवरते," नेकबख्त म्हणाली. ती त्यांच्यापासून तीन हातांवर, त्यांच्या डोळ्यांसमोर होती. निरीक्षकांनी अदबीने आकाशाकडे पाहिले. दार उघडल्यावर ते वाकून आत आले, बसले, चहा घेतला.

"हवेशीर आहे," ते म्हणाले. "आणि पक्कं. भूकंप झाला तर पडायला भिंत नाही, वादळ आलं तर उडायला छप्पर नाही. हवामानाने याचं काही बिघडवायचं ठरवलं, तरी बिघडवणार काय? हा नमुना सगळ्या जिल्ह्यांना पाठवा." शोदमोन लिहून घेत होता. "खाला, तुमची काही मागणी?"

"एकच. मी मेले, की मला या दारातून बाहेर काढतील, एवढं लिहून द्या."

निरीक्षकांनी दाराकडे पाहिले. त्याच्या अलीकडे माळ होता, पलीकडेही माळच होता. "बाहेर म्हणजे नेमकं कुठे, खाला?"

"ते तुम्ही ठरवायचं. सही तुमची."

निरीक्षकांनी पेन काढले, पण लिहिले काही नाही. नेकबख्तने त्यांची वाटी पुन्हा भरली.

"साहेब, तुम्ही राहता कुठे?"

"राजधानीत. चौदाव्या मजल्यावर."

"पाणी येतं?"

"दिवसाआड. या उन्हाळ्यात टँकर होते."

"उन्हाळा कसा होता?"

"दरवर्षी म्हणतो, एवढा कधी नव्हता."

"दार कशाचं आहे तुमचं?"

निरीक्षक आठवू लागले. त्यांनी ते बावीस वर्षे रोज उघडले होते. "लाकूडच असावं," ते म्हणाले. "कधी पाहिलं नाही."

"घरी गेलात की पाहा," नेकबख्त म्हणाली. "बिजागऱ्यांना तेल घालून ठेवा, गंजल्या की ऐन वेळी निघत नाहीत. आणि चौदाव्या मजल्यावरून खाली आणायला माणसं किती लागतील, तेही आत्ताच विचारून ठेवा. तेव्हा सगळेच आपापलं उतरवत असतील."