डिस्पॅचची अन्नपूर्णा

फरशांच्या कारखान्यातल्या डिस्पॅचच्या ताई देवी झाल्या, तेव्हा त्यांच्या हातात वाढायचा मोठा डाव होता, आणि तो त्यांचा नव्हता.

झालं असं, की कारखान्याच्या एका बड्या गिऱ्हाइकानं साहेबांना विचारलं, "तुमच्याकडे वरच्या खुर्च्यांवर बायका कशा नाहीत?" साहेबांनी खुर्च्यांकडे पाहिलं. खरंच नव्हत्या. इतकी वर्षं ही गोष्ट त्यांच्या लक्षात कशी आली नाही याचं त्यांना प्रामाणिक आश्चर्य वाटलं. त्याच सुमाराला डिस्पॅचचे मॅनेजर निवृत्त होत होते. तसे ते केव्हाच निवृत्त झाले होते, फक्त कामावर येत असत. काम ताई करायच्या. कुठला ट्रक कुठे जाणार, कुठली पेटी आधी चढणार, कुठल्या ड्रायव्हरला दमात घ्यायचं आणि कुठल्याला चहा पाजायचा, हे सगळं ताईंच्या डोक्यात असे. मॅनेजरची खुर्ची आता ताईंचीच, हे हमालांच्या मुकादमापासून वरपर्यंत सगळे धरून चालले होते. ताईसुद्धा. खुर्ची खिडकीकडे वळवून घ्यायची, म्हणजे बसल्या जागेवरून आवारातले ट्रक दिसतील, इथपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

पण सरळ नेमणूक केली तर ते साहेब कसले. त्यांनी आधी शिबिर ठेवलं. विषय होता, 'तुमच्यातली देवी जागी करा'. शिबिर घेणाऱ्या बाईंचं खरं नाव पत्रकावर होतं, पण पहिल्या तासाभरातच सगळ्या त्यांना जागृतीबाई म्हणायला लागल्या. त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्या प्रत्येक वाक्यानंतर असं थांबायच्या, की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं.

"प्रत्येक स्त्रीत एक देवी झोपलेली असते," जागृतीबाई म्हणाल्या. "आज ती उठेल."

"मी तर पहाटेच उठलेय," हिशेबनीसबाई पुटपुटल्या. त्यांना कोणी हसलं नाही, कारण साहेब मागे बसले होते.

टेबलांवर पत्र्याची तलवार, खेळण्यातली वीणा, कापडी कमळ, आरसा असं बरंच मांडलं होतं. डोळे मिटून चालायचं, आतला आवाज जिकडे नेईल तिकडे जायचं आणि हाताला लागेल ते उचलायचं. ती आपली देवी. नेतृत्व दुर्गेकडे असतं, हेही बाईंनी साहेबांकडे बघून सांगून ठेवलं होतं. आता ताईंनी जाऊन तलवार तेवढी उचलायची होती. पण ताई हॉलमध्ये नव्हत्याच. खाली एकाच ऑर्डरमध्ये दोन वेगळ्या छटांच्या फरशा चढत होत्या. त्या उतरवल्याशिवाय ताई देवी व्हायला येणार नव्हत्या.

त्या धापा टाकत हॉलच्या मागच्या दारानं आत शिरल्या. तिथे आचारी जेवणाची मांडामांड करत होता. मोठं पातेलं उचलायला त्याला दोन्ही हात हवे होते. "ताई, जरा धरता का?" म्हणून त्यानं हातातला डाव ताईंच्या हातात दिला आणि तो पातेलं घेऊन गेला. त्याच क्षणी जागृतीबाई म्हणाल्या, "आता डोळे उघडा."

सगळ्यांनी डोळे उघडले. ताई दारात उभ्या होत्या, हातात डाव, कपाळावर घाम.

जागृतीबाईंनी छातीवर हात ठेवला. "अन्नपूर्णा," त्या म्हणाल्या. "मी तिला टेबलावर ठेवलीच नव्हती. ती स्वतः आली."

"अहो, हा डाव आचाऱ्याचा आहे," ताई म्हणाल्या. "त्याला पातेलं—"

"नाकारू नका. पहिल्यांदा सगळ्याच नाकारतात."

"मी नाकारत नाहीये, परत करतेय."

टाळ्या वाजल्या. टाळ्यांपुढे माणसाचं काही चालत नाही. स्वागतकक्षातली मुलगी लक्ष्मी झाली, हिशेबनीसबाई काली झाल्या, त्यांना ते मनापासून आवडलं. तलवार टेबलावर तशीच राहिली. दुर्गा कोणातच उठली नव्हती.

घरी सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "अन्नपूर्णा? तू?" त्या म्हणाल्या. "कोणी ठरवलं? जेवून बघितलं का त्यांनी आधी?"

"आई, मला खुर्ची हवी होती हो."

"मग खुर्ची उचलायचीस. डाव कशाला धरलास?"

ताईंच्या नवऱ्यानं मोबाइलमधून मान वर न काढता "चांगलंय की," असं मत दिलं. तो कशालाही चांगलंय की म्हणायचा. त्यामुळे घरात शांतता असे, आणि ताईंना कधीकधी ती शांतता त्याच्या डोक्यात घालावीशी वाटे.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी कँटीनची देखरेख ताईंकडे दिली. पगार तोच. "तुमच्या स्वभावातच आहे ते," साहेब म्हणाले. आता डिस्पॅचच्या टेबलाशी माणसं भात कच्चा राहिल्याच्या तक्रारी घेऊन येऊ लागली. कोणाला तिखट सोसत नव्हतं, कोणाला तिखटाशिवाय घास उतरत नव्हता. ताई एका कानानं ड्रायव्हरचं ऐकायच्या आणि दुसऱ्यानं आचाऱ्याचं. एकदा त्यांनी फरशांचा ट्रक 'मीठ कमी' असं सांगून रवाना केला. ड्रायव्हर बिचारा मान डोलावून गेला.

त्याहून वाईट म्हणजे, ताईंचं काम काम राहिलं नाही. पूर्वी त्या "हा ट्रक भरू नका," म्हणाल्या, तर मॅनेजर म्हणायचे, "बायकांना उगाच शंका." मग ट्रक जायचा, फरशा फुटायच्या, आणि रस्ता खराब होता असं ठरायचं. आता त्यांनी एक ट्रक थांबवला, तर साहेब जागृतीबाईंना घेऊन खाली आले. जागृतीबाई हल्ली कारखान्यातच असायच्या. एवढ्या देवी उठवल्यावर त्यांच्याकडे कोणीतरी बघायला नको का.

"कुठे जाणवलं तुम्हाला?" जागृतीबाईंनी हळुवारपणे विचारलं. "पोटात, की हृदयात?"

"पाट्यात," ताई म्हणाल्या.

"कशात?"

"ट्रकच्या पाट्यात. स्प्रिंगचा मागचा डावा पाटा बसलाय. रिकामा ट्रक एका अंगाला कलतोय, दिसत नाही का? भरल्यावर आडवा होईल."

"बघा," जागृतीबाई साहेबांना म्हणाल्या. "अंतःप्रेरणा. आणि तिला स्वतःलाही कळत नाही ती कुठून येते."

"डोळ्यांतून येते," ताई म्हणाल्या. "वाकून बघितलं मी."

साहेब मात्र भारावून गेले होते. ताईंची आधी शंका होती, आता प्रेरणा झाली. ताईंनी आयुष्याची इतकी वर्षं घालून शिकलेली विद्या तेवढी कोणी मानायला तयार नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांना खरोखर रडू आलं, आणि रडताना कोणी पाहिलं तर त्यातूनही एखादी देवी निघेल म्हणून त्या पेट्यांच्या मागे जाऊन रडल्या.

नेमणुकीचा दिवस आला. साहेबांनी ताईंना वर बोलावलं. खोलीत जागृतीबाई होत्या आणि जावईबापू होते. जावईबापू हा ऑफिसातला नवखा माणूस. तो कोणाचा जावई नव्हता. पण काम सांगितलं, की सासुरवाडीत पाणी भरायला लावल्यासारखा चेहरा करायचा, म्हणून हे नाव पडलं होतं. शिबिरात त्यानं प्रोजेक्टर लावला होता. म्हणजे प्लग खोचला होता.

"ताई, तुमच्याशिवाय डिस्पॅचचं पान हलत नाही," साहेबांनी सुरुवात केली. सुरुवात इतकी गोड झाल्यावर पुढचं कडू असणार, हे ताईंनी ओळखलं. "पण तुमचं सगळं चालतं प्रेरणेवर. मॅनेजरला पद्धत लागते. आणि कँटीन तुम्ही सोडलंत तर माणसांनी खायचं काय?"

"मग मॅनेजर कोण?"

साहेबांनी जागृतीबाईंकडे पाहिलं. जागृतीबाईंनी डोळे मिटले, उघडले. "शिबिर संपलं तेव्हा तलवार टेबलावर तशीच होती," त्या म्हणाल्या. "सगळ्या जणी जेवायला गेल्या. यांनी ती उचलली. कोणी न सांगता. माझ्या गाडीपर्यंत घेऊन आले."

जावईबापूंनी मान खाली घातली.

"सामान उचललं त्यांनी," ताई म्हणाल्या. "एकदाच काय ते."

"शक्ती बाई-पुरुष बघत नाही," जागृतीबाई म्हणाल्या. "ती जिथे उठायची तिथे उठते."

"आणि गिऱ्हाइकालाही आपण तसंच कळवलंय," साहेब म्हणाले. "डिस्पॅचची सूत्रं स्त्रीशक्तीच्या हाती, म्हणून. त्यांचं अभिनंदनाचं उत्तरसुद्धा आलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या दुपारी यांच्या सत्काराचं जेवण ठेवू. वरच्या हॉलमध्ये. तुम्ही जातीनं बघा हं, ताई."

ताईंच्या तोंडाला पानं पुसली गेली होती, आणि वर पंगतीची तयारीही त्यांनीच करायची होती. त्या खाली आल्या तेव्हा जावईबापूंची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. पंख्याचा वारा तिकडेच चांगला लागतो, असं त्यांनी मुकादमाला सांगितलं होतं.

रात्रीचं जेवण ताईंनी नुसतं चिवडलं. सासूबाईंनी सगळं ऐकलं, पण या वेळी टोमणा मारला नाही. "त्या बाईनं तुला अन्नपूर्णेची अर्धीच गोष्ट सांगितली," त्या ताट उचलत म्हणाल्या.

"अर्धी कशी?"

"शंकर म्हणाला, जग म्हणजे माया, अन्न म्हणजेसुद्धा माया. ती काही बोलली नाही. उठली आणि निघून गेली. चुली विझल्या. मग आला की तिच्या दारात, हातात वाडगा घेऊन." सासूबाईंनी ताट मोरीत ठेवलं. "वाढणं सगळ्यांना आठवतं. निघून गेलेली कोणी सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात मोठा ट्रक लागला. जावईबापू पेट्यांपुढे येऊन उभे राहिले. जाड फरशांच्या पेट्या आधी की पातळ, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते हळूच ताईंच्या शेजारी सरकले. "ताई, जड खाली ना?"

तोंडात आलेलं उत्तर ताईंनी गिळलं. खरं तर त्यांना म्हणायचं होतं, आतल्या आवाजाला विचारा. पण ट्रकच्या फाळक्याखाली मुकादमाची माणसं उभी होती, आणि पेटी कोणाच्या डोक्यावर पडते हे ताईंना माहीत होतं. "जड खाली. उभ्या लावा, आडव्या नकोत," त्या म्हणाल्या. जावईबापूंनी जरा वेळ डोळे मिटले आणि हेच वाक्य मोठ्यांदा सांगितलं. वरच्या गॅलरीतून साहेब कौतुकानं बघत होते.

मग ताई कँटीनमध्ये गेल्या. आचाऱ्याला म्हणाल्या, "खालच्या माणसांचं रोजच्यासारखं कर. वरचं काही करू नकोस."

"सत्काराचं जेवण?"

"माया आहे," ताई म्हणाल्या. आचाऱ्याला काही कळलं नाही, पण काम कमी झालेलं कळलं.

दुपारी वरच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी, रिकामी ताटं आणि उपाशी माणसं जमली. साहेबांचं भाषण झालं, जावईबापूंचं झालं. आणखी बोलण्यासारखं कोणाकडे काही उरलं नाही, तेव्हा साहेबांनी ताईंना बोलावणं पाठवलं.

"ताई, वाढायला घ्या ना."

"काही केलेलंच नाही, साहेब."

"म्हणजे?"

"आतून तसा आवाज आला," ताई म्हणाल्या.

साहेबांच्या कानाची पाळी लाल झाली. आता काय होईल ते होईल, नोकरी गेली तर गेली, असं म्हणून ताई सरळ उभ्या राहिल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आणि जागृतीबाईंचे डोळे भरून आले. "किती खोल," त्या कुजबुजल्या. "रिकामं ताट. देण्याच्या पलीकडचं देणं. सगळ्यांनी डोळे मिटा."

सगळ्यांनी मिटले. साहेबांनीसुद्धा. ताई थोडा वेळ त्या मिटलेल्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. या माणसांचा अपमानसुद्धा करता येत नाही, हे त्यांना तिथे कळलं, आणि त्या जिना उतरून खाली आल्या.

आवारात, ट्रकच्या सावलीत, मुकादमाची माणसं जेवत होती. ताईंनी आपला डबा आणून तिथेच बैठक मारली.

"वरचे जेवले?" मुकादमानं विचारलं.

"जागे होतायत," ताई म्हणाल्या.

जेवणं संपत आली तेव्हा साहेब स्वतः खाली आले. चेहरा तेजस्वी होता आणि पोटातून आवाज येत होते. "ताई, अप्रतिम अनुभव. दर महिन्याला करायचं. जावईबापू म्हणाले, त्यांच्या मनात कधीपासून होतंच हे. तेच प्रमुख राहतील, तुम्ही फक्त व्यवस्था बघा." ताईंनी पुढचा घास घेतला. साहेब घुटमळले. त्यांची नजर हळूहळू ताईंच्या डब्यावर गेली, तिथे अजून चार घास होते. "भूक लागली बुवा," ते अवघडून हसले. "आहे का हो थोडं?"

ताईंनी डब्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. मग उरलेला भात एकत्र केला आणि सावकाश, शितन् शीत, खाऊन टाकला.