पडायला शिकवणारे भय्याकाका

गणपतीची आरती संपली, मी प्रसाद वाटायला वळले, तेवढ्यात भय्याकाका दाणींनी प्रधानांच्या पाच वर्षांच्या मुलाला आमच्या दिवाणखान्याच्या मधोमध उभं केलं आणि सांगितलं, "हं, पड बघू."

मुलगा आईकडे बघायला लागला. आई माझ्याकडे. भय्याकाकांनी वाट न बघता स्वतःच रेशमी कुर्त्यानिशी कार्पेटवर लोळण घेतली, नैवेद्याच्या ताटापासून हातभर अंतरावर, आणि आडव्याआडव्याच समजावलं, "असं. कुशीवर. मागे पडला तर माकडहाड शेकते, पुढे पडला तर नाक. सोपं आहे, बाप्पा." थोड्याच वेळात घरातली यच्चयावत मुलं गणपतीपुढे धडाधड पडत होती आणि प्रसादाच्या वाट्या हातात घेऊन आया भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

आम्ही अमेरिकेत, बॉथेलला राहायला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. भय्याकाका त्याच्या बरेच आधी आलेले, विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. मूळचे नागपूरचे, म्हणजे बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या रसात. पण हिवाळ्यातला प्रत्येक शनिवार हा माणूस इथल्या मराठी मुलांना डोंगरावर नेऊन स्की शिकवायचा, तेही फुकट. स्वतःला मूलबाळ नाही. गॅरेजमध्ये मात्र मुलांचे स्कीचे बूट सगळ्या मापांत, ओळीने लावलेले, आणि त्यांची गाडी बाहेर पावसात. "देवळाबाहेरसुद्धा एवढी पायताणं नसतात," असं मंदाकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आल्यागेल्याला सांगायच्या.

ते स्वतः शिकले ते या देशात विद्यार्थी असताना. मोठ्यांच्या वर्गात पडायची लाज वाटली म्हणून यांनी सरळ लहान मुलांच्या वर्गात नाव घातलं. "माझ्या बॅचचे सगळे सहा-सहा वर्षांचे," ते अभिमानाने सांगत. "मी मॉनिटर होतो."

शिकवण्याची भाषा त्यांची स्वतःची. वेग कमी करायचा तर स्कीची पुढची टोकं जवळ आणून त्रिकोण करायचा, त्याला त्यांनी नाव दिलं होतं समोसा. दोन्ही स्की सरळ समांतर ठेवायच्या, त्या शेंगा. उतारावरून त्यांचा आवाज घुमायचा, "समोसा कर, समोसा! काहून घाबरते? आता शेंगा!" एका मोसमात तर शेजारच्या वर्गातली दोन सोनेरी केसांची मुलंही "समोसा" असं ओरडत खाली आली. त्यांचा मास्तर बिचारा बघतच राहिला.

आई-बापांना उतारापाशी थारा नव्हता. "तुम्ही आत जाऊन कॉफी प्या. आई दिसली की पोरगं पडते." माझ्या रश्मीच्या अंगावरचा तिसरा स्वेटर त्यांनी माझ्यादेखत काढून माझ्या हातात दिला होता. मला राग आला होता, आणि पोरगी त्या दिवशी समोसा करत एकटी खाली आली, तेव्हा तो बोलून दाखवायची सोयही उरली नाही.

रश्मी आठ वर्षांची झाली त्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, उन्हाने बर्फ भिजून जड झाला होता. वळताना तिची एक स्की त्यात रुतली. पोरगी वळली, पाय तिथेच राहिला. नडगीचं हाड मोडलं. तिला स्लेजवर बांधून खाली आणलं, तेव्हा भय्याकाका आपल्या स्की डोंगरावरच टाकून, ते जड बूट घालून शेजारी धावत होते.

यात कुणाची चूक नाही असं डॉक्टर म्हणाले, माझा नवरा सुधीर म्हणाला, मीही म्हटलं. आणि मी सहसा कुणाला एवढ्यावर सोडत नाही. भय्याकाकांना काही ते पटलं नाही. रोज संध्याकाळी कामावरून परस्पर आमच्याकडे. रश्मीशी बदाम सात खेळायचे, आणि प्लास्टरकडे चुकूनही बघायचे नाहीत. सकाळी उजाडायच्या आत फोन. "वहिनी, रात्री दुखलं का तिला?" प्लास्टर निघाल्यावर ती मॉलमध्ये चालायची तेव्हा हे चार पावलं मागून, नजर तिच्या टाचेवर. एका दुकानदाराने त्यांना हटकलंसुद्धा.

मुलांचे शनिवार बंद झाले. मराठी मंडळातल्या आया म्हणाल्या, यंदा राहू दे. मी तर ठरवलंच होतं की आमच्या घरातलं कुणी आता बर्फाच्या वाटेला जाणार नाही. "बरंच झालं," भय्याकाका म्हणाले, "शनिवारी झोपा काढीन." आणि नोव्हेंबरात त्यांच्या दारात पाटी लागली, गॅरेज सेल.

आम्ही सहज गेलो होतो. टेबलांवर बूट मांडलेले. रश्मीने एक जोडी उचलून छातीशी धरली. "काका, यू कान्ट सेल दीज. दॅट्स माय साइझ."

"जागा अडते बेटा."

"मग मला कोण शिकवणार?"

"अमेरिकन मास्तर आहेत ना चांगले."

"दे डोन्ट नो समोसा," रश्मी म्हणाली आणि रडायला लागली.

भय्याकाका माझ्याकडे बघेनात. इतका मोठा माणूस इतका घाबरलेला मी पाहिला नव्हता. पोरगी घाबरली नव्हती, मी मात्र होते, आणि तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "भय्याकाका, बूट आत ठेवा. रश्मी तुमच्याकडेच शिकेल."

डिसेंबरातल्या शनिवारी आमच्या स्टेशन वॅगनमधून आम्ही पाचही जण वर गेलो. त्या दिवशी कॉफीला कुणी हाकललं नाही. भय्याकाका रश्मीच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उलटे घसरत होते, पहिलं पाऊल टाकणाऱ्या बाळासमोर उभं राहतात तसे. शेवटी तीच म्हणाली, "काका, मूव्ह. यू आर इन माय वे."

ते बाजूला झाले. ती निघाली. एक वळण, दुसरं वळण, आणि मग पडली. कुशीवर. ती उठली, ढुंगण झटकलं आणि समोसा करत थेट माझ्यापर्यंत आली. मला इतकं हायसं वाटलं की शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी अमेरिकन बाईला मी मिठी मारली. तिने माझं अभिनंदन केलं, कशाबद्दल ते न विचारता.

परतताना भय्याकाका मागच्या सीटवर, रश्मी आणि मंदाकाकूंच्या मध्ये. घाट उतरायच्या आत त्यांचं डोकं रश्मीच्या खांद्यावर कललं आणि ते घोरायला लागले, तोंड उघडं टाकून. रश्मी जागची हलेना.

"आई, इज ही सिक?"

"नाही गं, झोपलेत."

त्यांच्या घरापाशी सुधीरने गाडी थांबवली. मी उठवायला मागे वळले, तर काकूंनी हातानेच थांबवलं.

"राहू दे गं," त्या हळूच म्हणाल्या. "फेब्रुवारीपासून रात्र-रात्र उठून बसतात. मी म्हटलं, अहो, तिचे आई-बाप झोपतात, तुम्हीच का जागे? तर म्हणाले, त्यांना सवय आहे, माझी पहिलीच वेळ आहे."

सुधीरने हीटर वाढवला आणि इंजिन चालूच ठेवलं.