मशालफुलाचं पांघरूण

सरोवराकाठच्या आमच्या डुलुथच्या गोठवणाऱ्या थंडीत मशालफूल जगत नाही, असं आमच्या बागमंडळातले सगळे सांगतात. मी म्हटलं, "त्यांच्याकडे जगत नसेल! माझ्याकडे जगेल!"

पेटत्या मशालीसारखे तुरे येणारं हे झाड माझ्या सासूबाईंचं. वसंतात त्या गेल्या. दक्षिणेकडच्या उबदार मिसूरीतलं त्यांचं घर विकताना माझ्या बायकोने, मार्लिसने, अंगणातून एवढं एकच झाड मुळासकट खणून आणलं. "व्हर्न, आईचं आता एवढंच उरलंय," ती म्हणाली. मी छाती फुगवली. "निर्धास्त राहा!"

पानगळीत आमच्याकडे लोक वाळकी पानं कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवतात. मी त्या नजर चुकवून गोळा केल्या, झाड जमिनीलगत छाटलं आणि वर पिशव्यांचा किल्ला रचला. पण ज्या दिवशी पहिली कडक थंडी येणार होती, त्याच दुपारी दुकानातून परततो, तर किल्ला गायब!

शेजारचा ड्वेन हात झटकत उभा होता. "तुझ्या पिशव्या पालिकेच्या पालापाचोळ्याच्या खताच्या आवारात टाकून आलो रे! म्हटलं, तुझी पाठ दुखते. आभार नकोत!"

"आभार? अरे, पांघरूण होतं ते! खाली माझ्या सासूबाई आहेत!"

ड्वेन पांढराफटक पडला. "व्हर्न... पोलिसांना माहीत आहे?"

"झाड रे! सासूबाईंचं झाड!"

त्याच्याच गाडीतून सुसाट निघालो. आवारातला रखवालदार फाटक लावत होता. "पानं टाकायला सगळे येतात, परत मागायला तुम्हीच पहिले!" हातापाया पडून पिशव्या मिळवल्या. घरी आलो तोवर बर्फ पडून सगळी बाग सपाट पांढरी! झाड नेमकं कुठे? स्वयंपाकघराच्या खिडकीतून मार्लिस बघत होती. तिला विचारायची माझी छाती होईना.

"कुंपणाजवळ होतं ना?" ड्वेन कुजबुजला.

"होतं तर!" मी ठासून सांगितलं आणि तिथे किल्ला उभारला.

हिवाळाभर सरोवरावरून वारा सुटला की मी अंथरुणात दचकून उठायचो. त्यात ड्वेनचं बर्फ उडवायचं यंत्र त्याच्या दारातला सगळा बर्फ आमच्या बागेच्या कोपऱ्यात फेकायचं. "बाग आहे की उकिरडा?" मी खेकसायचो. तो दर वेळी माफी मागायचा आणि पुन्हा फेकायचा!

मे महिन्यात आम्ही तिघांनी पिशव्या उचलल्या. आत गुबगुबीत उंदरांचं कुटुंब, आणि खाली नुसती माती! मार्लिसचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मार्लिस," ड्वेन कोपऱ्यातून चाचरत म्हणाला, "ही पाती कसली गं?"

त्याच्या विरघळत्या ढिगाऱ्याखालून हिरवी टोकं वर आली होती. बर्फानेच झाडाला ऊब दिली होती! मार्लिस चिखलातच बसली, रडत रडत हसली. मग उठून तिने ड्वेनला मिठी मारली.

यंदा कुठे किती बर्फ फेकायचा, हे ती आणि ड्वेन मिळून ठरवतात. मला एकच काम दिलंय. थंडी पडली की घरात बसायचं!