पेनेलपीचा खुलासा

बायकोला लवकर परत आणायचं, पण पत्रात तसं लिहायचं नाही, असं दत्तोपंतांनी ठरवलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दत्तोपंत धार दरबारच्या इंग्रजी दप्तरात कारकून. सरला बाळंतपणाला देवासला माहेरी गेली, त्याला आठवा महिना लागला होता; लेकीचं बारसंही कधीच होऊन गेलं होतं. रोज हातानं पिठलं करून दत्तोपंत कंटाळले होते (पिठलंही त्यांना कंटाळलं असावं). पण पत्र जायचं ते सासऱ्यांच्या, नारायणरावांच्या नावे, आणि ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जायचं. त्यात जावयानं 'करमत नाही' लिहिलं, तर अब्रूच जायची.

वाट सापडली ती दप्तरातल्या इंग्रजी कोशात. पेनेलपी : ग्रीक पुराणातली, नवऱ्याची वाट पाहणारी पतिव्रता, एकनिष्ठ पत्नीला हे नाव देतात. दत्तोपंतांनी खुशालीखाली लिहिलं, 'चि. सौ. सरलेस सांगावे की ती आमची पेनेलपी आहे.' ती भावाला गुपचूप अर्थ विचारेल, लाजेल आणि निघेल, असा त्यांचा होरा.

आठ दिवसांनी नारायणरावांचं उत्तर आलं. 'चि. भास्कर याने मास्तरांस विचारून पेनेलपीचा खुलासा सर्वांसमोर केला. तिचा पती वीस वर्षे परतला नाही, तरी ती वाट पाहत राहिली. आपली इच्छा समजली. वीस वर्षे आमच्याने होणार नाही, परंतु तूर्त वर्षभर मुलीस ठेवून घेतो. निश्चिंत असावे.'

दत्तोपंतांनी त्याच दिवशी रजा मागितली. टांगा, बैलगाडी, पुन्हा टांगा असं करत ते धुळीनं माखून देवासच्या ओसरीवर उभे राहिले.

"या जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "वीस वर्षं इतक्यात झाली?"

मॅट्रिकला बसलेला भास्कर उत्साहानं पुढे आला. "भावजी, मास्तरसाब बोले, 'भिया, ऐसी बाई मुश्किल से मिलती है.' ती पेनेलपी वाट पाहताना दिवसा विणायची, रात्री उसवायची. ताईला मी लोकर आणून दिलीय."

दत्तोपंतांनी सासऱ्यांकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, "मला करमत नाही हो. घर खायला उठतं. तिला पाठवा."

(अब्रू गेली. पण जाताना काही दुखलं नाही.)

नारायणरावांनी पानाचा डबा उघडला. "मग हे असं मराठीत लिहायचं की."

दाराआडून सरलेचा आवाज आला, "आई, माझी ट्रंक पत्र आलं त्याच दिवशी भरून ठेवलीय."

सरला लेकीला घेऊन बाहेर आली, तसं दत्तोपंतांना भरून आलं. बारशानंतर लेक प्रथमच दिसत होती. तिला घ्यायला त्यांनी हात पुढे केले, तर तिनं असा टाहो फोडला की शेजारचे डोकावले. अंगणात टांगा येऊन उभा राहिला, तरी ती रडायची थांबली नाही.

"ओळखलं नाही हो तिनं," दत्तोपंत केविलवाणे होऊन म्हणाले.

"भास्करनं गोष्ट शेवटपर्यंत सांगितलीय," सरला पदराआड हसत म्हणाली. "तो नवरा परतला, तेव्हा त्यालाही कुणी ओळखलं नाही. एका कुत्र्यानं तेवढं ओळखलं."

दत्तोपंतांनी मोठ्या आशेनं अंगणातल्या कुत्र्याकडे पाहिलं. ते त्यांच्या उपरण्याचं टोक दातांत धरून गुरगुरत होतं.