नंबर झाकणारे अण्णा

रेल्वेच्या इंजिनाचा फोटो काढायचा, पण त्यावरचा नंबर मात्र फोटोत येऊ द्यायचा नाही, असा हट्ट धरणारा माणूस अख्ख्या बऱ्हाणपुरात एकच आहे आणि तो माझा शेजारी आहे.

मधुकरअण्णा सिंधीपुऱ्यात आमच्या भिंतीला लागून राहतात. उभा जन्म त्यांनी शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर लोक देवाला लागतात, अण्णा इंजिनाला लागले. सकाळी चहा झाला की गळ्यात कॅमेरा आणि रिक्षानं थेट स्टेशन. गाडी आली की सगळे डब्यांकडे पळतात, अण्णा एकटे इंजिनाकडे. मग खांबाआड असे वाकून उभे राहतात, की नंबर नेमका खांबामागे जावा. खांब नसला तर भिंगापुढे स्वतःचं बोट. एकदा पोलिसानं हटकलं, तर त्यालाच म्हणाले, "भाऊ, जरा डावीकडे सरक ना. तुझी टोपी नंबरवर येऊ दे." तो बिचारा सरकलासुद्धा.

एवढं करून नंबर दिसलाच, तर कपाळावर हात मारतात. "पेपर फुटला ना यार! छोडो, दुसरी गाडी बघू."

इतवाऱ्यात माझ्या भांड्यांच्या दुकानाशेजारी एक स्टुडिओ आहे. अण्णा फोटो तिथं छापून घेतात. स्टुडिओवाला मला रोज विचारायचा, "मास्तरांच्या बोटाला काही झालं का? हर फोटोमे बोटच दिसतं."

मीही हसायचो. म्हातारा सरकला, असं घरी बायकोला सांगायचो.

गेल्या हिवाळ्यात एकदा अण्णा छापलेले फोटो दुकानात विसरले म्हणून द्यायला गेलो. टेबलावर त्यांची वही उघडी होती. पानोपानी फोटो चिकटवलेले आणि खाली पेन्सिलीनं इंजिनाची जात अन् ते ज्या शेडमध्ये मुक्कामाला असतं तिथलं गाव. एका पांढऱ्या, लाल पट्ट्याच्या इंजिनाखाली लिहिलं होतं, "कोळशाचं. बाबांचं."

मला आयती संधी मिळाली. "अण्णा, हे तर बिजलीवालं आहे! मास्तर असून चूक?"

"ते मी नाही सांगितलं. तुझ्या काकूनं सांगितलं, मी फक्त लिहिलं."

मग सगळं कळलं. काकूंचे वडील भुसावळला इंजिन ड्रायव्हर होते. काकू रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढल्या. नंबर न बघता नुसत्या रंगावरून, पट्ट्यांवरून त्या इंजिन ओळखायच्या. वॅप सवारी गाडीचं, वॅग मालगाडीचं, हे गणिताच्या मास्तरांना लग्नानंतर त्यांनीच शिकवलं. दोन वर्षांपासून काकूंना विसर पडायला लागला होता. आधी चुलीवरचं दूध, मग देवळाची वाट, मग नातवंडांची नावं. तेव्हापासून अण्णा रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे सहा फोटो ठेवतात.

"नंबर दिसला तर वाचून सांगेल. मग मला काय समजणार?" अण्णा म्हणाले. "जोवर इंजिन ओळखते, तोवर मलाही ओळखेल, असा माझा हिशोब आहे."

"मग ही चूक दुरुस्त काबरं नाही केली?"

"लाल शाई मी घरात ठेवतच नाही आता."

मला स्वतःची फार लाज वाटली. बायकोला काही सांगायचं धाडस झालं नाही.

परवा शेतातली केळी आली म्हणून एक फणी द्यायला गेलो, तर पेपर चालू होता. काकू शाल पांघरून पलंगावर बसल्या होत्या. पहिलं सांगितलं, बरोबर. दुसरं, इटारसीचं, बरोबर. सहाच्या सहा! एवढे गुण कित्येक महिन्यांत पडले नव्हते. अण्णांचा चेहरा असा खुलला, की मी टाळीच वाजवली.

काकूंनी फोटो नीट जुळवून मांडीवर ठेवले आणि अण्णांकडे बघितलं.

"भाऊ, हे तुम्ही काढले?"

अण्णांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "हो."

"छान काढता. आमच्या ह्यांना दाखवायला पाहिजेत, त्यांना फार आवडतील." काकूंनी पदर सावरला आणि पलंगाशेजारची खुर्ची दाखवली. "बसा ना. येतीलच ते एवढ्यात."

अण्णांनी खुर्ची जवळ ओढली.

"बसतो," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."