विश्वनाथपंतांनी सांतोरिनीचा वेल राखिला, मुक्काम कॅल्गरी

श्रीकुलदेवतेचे स्मरण करून, विश्वनाथपंत यांणी गारांशी युद्ध करून शेजारियाचा वेल राखिला, ती हकीकत यथास्थित लिहितो, ती ऐसी जे:

पंत तेलकंपनीत इंजिनियर, परंतु मूळचे नाशिक प्रांतीचे, आणि द्राक्षाविषयी आपणांस शिकविणारा भूतलावर कोणी नाही ऐसा त्यांचा ग्रह. शेजारी स्टाव्ह्रोस, ग्रीस देशीच्या सांतोरिनी बेटाचा. त्याची दिवंगत पत्नी एलेनी हिणे माहेरून आणविलेला ॲसिर्टिको जातीचा द्राक्षवेल त्याचे परसात होता. उन्हाळियात स्टाव्ह्रोस बेटावर गेला आणि वेल पंतांचे हवाली केला.

पंत पाहतात तो वेल टोपलीसारखा वेटोळे करून भुईस पडलेला. द्राक्षाची ही बेअदबी त्यांसी साहवेना. मग खांब रोविले, आणि तारा ताणिल्या, आणि वेल सोडवून नाशिकच्या रिवाजाने मांडवावर चढविला. "अहो, विचारा तरी त्यांना!" ऐसा पत्नी छायाबाईसाहेबांचा हुकूम सुटला, तो ऐकिला गेला, अमलात आला नाही.

मग बेटावरून व्हिडिओ कॉल आला. स्टाव्ह्रोसने नाना जातींचे द्राक्षमळे दाखविले: आयदानी, अथिरी, काळा मांदिलारिया, आणि सर्वांचा सरदार ॲसिर्टिको, परंतु एकजात सगळे भुईवर, वेटोळ्यांत! तो म्हणे, येथील वारा बेफाम, उंच वेल टिकत नाही, म्हणोन टोपली विणोन घोस आत लपवितो. पंतांचा चेहरा उतरला, आणि कॅमेरा त्यांणी वेलाकडे फिरविलाच नाही.

दुसरे दिवशी फोनवर गारांचा इशारा वाजला. एलेनीबाईंची एवढीच खूण मागे राहिली होती, ती आपल्या शहाणपणापायी जाणार, या विचारे पंतांचे डोळे भरून आले. मग खासा पंत, छायाबाई आणि कन्या केया परसात धावली, आणि तारा कापिल्या, आणि वेल हलके हाताने वळवीत भुईस उतरविला. एक डहाळी मोडून कामी आली. इतक्यात गारांचा हल्ला जाहला. केया ओरडली, "बाबा, कम इनसाइड! आर यू क्रेझी?" पंत हटले नाहीत. योगा मॅट पाठीवर घेऊन वेलावर ओणवे जाहले आणि सारा मारा अंगावर झेलिला.

स्टाव्ह्रोस परतला, तो केयाने सर्व हकीकत इंग्रजीत उघड केली, मांडवासुद्धा. पंत मान खाली घालून उभे. स्टाव्ह्रोसने वेल पाहिला, आणि आत वाचलेला घोस पाहिला, आणि पंतांचे कपाळीचे टेंगूळ पाहिले, आणि डोळे पुसून बोलिला की, एलेनी असती तर प्रथम जोडा फेकून मारती, मग पोटभर जेवू घालती.

मग जोडा माफ जाहला, जेवण बहाल जाहले. सर्वांनी एका टेबली बसोन तो घोस खादला. द्राक्षे भलतीच आंबट निघाली, परंतु पंतांनी ती नाशिकाहून सरस ऐसे भर पंगतीत कबूल केले. नाशिककराचे मुखी हे वचन यावे, याहून थोर फत्ते कॅल्गरी प्रांती जाहली नाही, ऐसी नोंद केली असे.